निकालाची नक्कल हातात आली, आता ती वाचायची कशी?

"कारकून साहेब, जिंकलो का हारलो तेवढं सांगा."

आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी कॅरीबॅगेत गुंडाळलेली चौदा-पंधरा पानं टेबलावर ठेवतं आणि हेच विचारतं. मी उदगीरला वकिलांकडे कारकुनी करतो. वकिलीची सनद माझ्याकडे नाही, तेव्हा पुढचं सगळं एका कारकुनाचं सांगणं म्हणून घ्या आणि सल्ला आपल्या वकिलाचाच घ्या. पण नकला काढण्यात आणि मुदती मोजण्यात केस पिकले. त्यातून एक कळलं, की पुष्कळांचं नुकसान निकाल विरोधात गेल्यामुळं होत नाही. निकालात काय लिहिलंय ते वेळेत न कळल्यामुळं होतं.

आधी बघा, हा निकालच आहे ना?

मनाईचा दावा दाखल झाला, की त्यासोबत तात्पुरत्या मनाईचा अर्ज येतो. आपल्याकडच्या कोर्टात दाव्यातल्या प्रत्येक कागदाला 'निशाणी' म्हणून नंबर पडतो. वादपत्र निशाणी १, आणि हा अर्ज बहुतेक वेळा निशाणी ५. म्हणून कोर्टाच्या आवारात नुसतं "पाचवर आर्डर झाली" म्हटलं तरी सगळ्यांना कळतं. ही ऑर्डर सुद्धा आठ-दहा पानांची असते, तिच्यातही मुद्दे असतात, कारणं असतात, शेवटी 'आदेश' असतो. एका गावात या ऑर्डरीवर पेढे वाटले गेलेले मी पाहिले आहेत. दावा अजून साक्षीपुराव्याला सुद्धा लागला नव्हता.

तेव्हा पहिल्या पानावरचं शीर्षक वाचा. 'निशाणी ५ वरील आदेश' असं असेल, तर दावा चालू आहे आणि पुढची तारीख विचारून ठेवा. 'न्यायनिर्णय' किंवा 'निकालपत्र' असं असेल तर खालच्या कोर्टातला विषय संपला.

त्याच पानावर क्रमांक असतो. आर.सी.एस. म्हणजे नियमित दिवाणी दावा, एस.सी.एस. म्हणजे विशेष दिवाणी दावा, आर.सी.ए. म्हणजे नियमित दिवाणी अपील. आर.डी. दिसलं तर ती 'रेग्युलर दरखास्त'. या शब्दाची गंमत पुढे सांगतो.

मग शेवटचं पान उघडा

निकाल मागून वाचायचा. शेवटी 'आदेश' म्हणून चार-सहा ओळी असतात, त्याच तुमच्या हातात पडलेल्या असतात. बाकीची पानं त्या ओळींची कारणं. नमुना म्हणून असा एक आदेश धरू:

१) दावा अंशतः मंजूर करण्यात येत आहे.
२) प्रतिवादी क्र. १ ते ३ यांनी किंवा त्यांच्यातर्फे इतर कोणीही वादीच्या दावा मिळकतीवरील कब्जे-वहिवाटीस हरकत अडथळा करू नये, अशी कायमची मनाई करण्यात येत आहे.
३) मालकी हक्क जाहीर करून मिळण्याची वादीची मागणी नामंजूर करण्यात येत आहे.
४) खर्च ज्याचा त्याने सोसावा.
५) त्याप्रमाणे हुकूमनामा तयार करण्यात यावा.

आता सांगा, जिंकला का हारला? पहिल्या ओळीतला 'अंशतः' हा शब्द डोळ्यांआड गेला तर माणूस नाचत घरी जातो. दुसरी ओळ चांगली आहे. ताबा तुमचा मानलाय आणि अडवणूक करायची नाही असं सांगितलंय. पण ही मनाई एक ते तीन नंबरच्या प्रतिवादींना आहे. खरा त्रास देणारा चौथा चुलतभाऊ दाव्यात पक्षकारच नसेल आणि तो आपल्या हक्कानं भांडत असेल, तर हा कागद त्याला दाखवून भागत नाही. तिसरी ओळ सगळ्यात महाग: मालकी तुम्हाला सिद्ध करता आलेली नाही. ती तशीच राहू दिली, तर दहा वर्षांनी त्याच मालकीवर नवीन दावा टाकताना समोरचा वकील हाच निकाल काढून म्हणेल, हा मुद्दा एकदा ठरलेला आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ११ चा तो अडसर आहे. म्हणजे दावा 'मंजूर' होऊनही अपिलाचा विचार करायची वेळ तुमच्यावर आलेली असते.

पाचव्या ओळीतला हुकूमनामा हा वेगळा कागद. निकालपत्रात कारणं असतात, हुकूमनाम्यात नुसतं कुणी काय करायचं ते. अंमलबजावणी हुकूमनाम्याची होते. निकालानंतर पंधरा दिवसांत तो तयार व्हावा असं संहिता म्हणते. नकलेचा अर्ज करताना दोन्ही मागा. लोक निकालपत्र घेऊन जातात आणि हुकूमनाम्यासाठी पुन्हा एसटीचं तिकीट काढतात.

आता मधली पानं

इथं सगळ्यात मोठी फसगत होते. सुरुवातीची तीन-चार पानं 'वादीचे थोडक्यात म्हणणे असे की' आणि 'प्रतिवादीने कैफियत दाखल करून' अशी असतात. न्यायाधीश तिथं दोन्ही बाजूंनी काय सांगितलं ते नोंदवत असतात, त्यांचं स्वतःचं मत तिथं नसतं. एक मावशी दुसऱ्या पानावर बोट ठेवून रडत होत्या, "साहेबांनी लिहिलंय की जमीन त्येनं पैसे देऊन घेतली." साहेबांनी लिहिलं नव्हतं. ते प्रतिवादीचं म्हणणं होतं आणि नवव्या पानावर साहेबांनी ते खोडून काढलं होतं.

त्यानंतर मुद्द्यांचा तक्ता येतो. डावीकडे प्रश्न, उजवीकडे निष्कर्ष: 'होकारार्थी', 'नकारार्थी', 'अंशतः होकारार्थी', आणि शेवटच्या मुद्द्यासमोर 'अंतिम आदेशाप्रमाणे'. शेवटच्या पानानंतर हा तक्ता वाचला तर अर्धा निकाल कळला. प्रश्नाची सुरुवात नीट बघा. 'वादी सिद्ध करतो काय' असं असेल तर ओझं वादीवर, 'प्रतिवादी सिद्ध करतो काय' असेल तर प्रतिवादीवर. ज्याच्यावर ओझं त्याचा पुरावा कमी पडला, की तो मुद्दा त्याच्या विरोधात जातो. समोरच्यानं काही सिद्ध केलं नाही तरी जातो.

तक्त्याखाली 'कारणमीमांसा'. वा.सा. १ म्हणजे वादीचा पहिला साक्षीदार, प्र.सा. म्हणजे प्रतिवादीचा, आणि 'नि. ३४' म्हणजे निशाणी ३४ चा कागद. ज्या मुद्द्यावर तुमचं नुकसान झालं त्याच मुद्द्याची कारणमीमांसा पेन्सिल घेऊन वाचा. न्यायाधीशांनी तुमचा कुठला कागद का मानला नाही, हे तिथं असतं. आपल्या भागात बऱ्याचदा दोन गोष्टी सापडतात. एक म्हणजे सातबारा. सातबाऱ्यावर नाव आहे म्हणजे मालकी झाली, हा समज काही केल्या जात नाही. ती महसुलाची नोंद आहे. उलट सिद्ध होईपर्यंत ती खरी धरतात, पण तेवढ्यावर दिवाणी कोर्ट मालकी ठरवत नाही. खरेदीखत, वाटणीपत्र, वारसा असं काहीतरी मागतं. दुसरी म्हणजे १९५४-५५ चं खासरा पत्रक, म्हणजे जमीन तेव्हा कुणाच्या ताब्यात होती याची जुनी महसुली नोंद. मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्यात होता, आणि जुन्या ताब्याच्या भांडणात दोन्ही बाजू त्या खासऱ्यापर्यंत मागं जातात. तो कागद तुमच्या बाजूनं असून दाव्यात दाखलच केलेला नसेल, तर निकालाला नावं ठेवण्यात अर्थ नाही. अपिलात नवीन कागद घालता येतो, पण त्याला परवानगी लागते आणि ती सहज मिळत नाही.

निकाल मराठीत नसेल तर? तालुका-जिल्हा कोर्टांची भाषा मराठी असल्याची शासनाची अधिसूचना १९९८ ची आहे, तरी इंग्रजी निकाल पुष्कळ येतात. तेव्हा वकिलाकडून निदान आदेश आणि तक्ता एवढं मराठीत लिहून घ्या. तोंडी ऐकलेलं बसस्टँडपर्यंत सुद्धा टिकत नाही.

नकलेच्या मागचा शिक्का

निकाल खुल्या कोर्टात जाहीर होतो, आणि घड्याळ त्या दिवसापासून चालू होतं. जिल्हा न्यायालयात अपिलाला ३० दिवस, उच्च न्यायालयात ९० दिवस. म्हणून निकालाच्या दिवशीच किंवा दुसऱ्या दिवशी नक्कल विभागात अर्ज टाका. घाई असेल तर जादा फी भरून अर्जंट मागता येते.

नकलेसाठी लागलेला वेळ मुदतीतून वजा होतो. तो किती, हे नकलेवरच्या शिक्क्यात असतं: अर्ज दिल्याची तारीख, नक्कल तयार झाल्याची तारीख, नक्कल दिल्याची तारीख. उदाहरण घ्या. निकाल १० मार्चला. तो दिवस सोडून ११ मार्चपासून मोजलं तर ३० दिवस ९ एप्रिलला संपतात. नकलेचा अर्ज १७ मार्चला दिला, नक्कल २ एप्रिलला तयार झाली. हे दोन्ही दिवस धरून १७ दिवस होतात, ते ९ एप्रिलच्या पुढं मोजा. अपील २६ एप्रिलपर्यंत मुदतीत. त्या दिवशी कोर्ट बंद असेल तर उघडेल त्या दिवशी.

आता तुम्ही ती नक्कल २ तारखेऐवजी १५ तारखेला न्यायला गेलात, तर मधले तेरा दिवस तुमच्या खात्यातून गेले. 'तयार' ही तारीख मोजतात, 'दिली' ही नाही. मी नवीन होतो तेव्हा एका फायलीवर 'दिली' धरून मुदत लिहिली होती. अपील अकरा दिवस उशिरा दाखल झालं, विलंब माफीचा अर्ज करावा लागला, आणि तो मंजूर होईपर्यंत त्या घरासमोरून जायची मला लाज वाटायची. विलंब माफ होऊ शकतो, पण पुरेसं कारण दाखवावं लागतं. 'माहीत नव्हतं' हे कारण फार चालत नाही.

एकतर्फी निकाल, म्हणजे प्रतिवादी हजर नसताना त्याच्या विरोधात निकाल, झाला असेल तर अपिलाशिवाय दुसरी वाट आहे. त्याच कोर्टात तो रद्द करून घेण्याचा अर्ज, मुदत ३० दिवस. समन्सच नीट बजावलं गेलं नसेल तर निकाल कळल्यापासून ३० दिवस. आकडा, गट नंबर किंवा नाव चुकीचं टाईप झालं असेल तर त्यासाठी अपिलाची गरज नाही. कलम १५२ खाली दुरुस्तीचा साधा अर्ज त्याच कोर्टात चालतो.

"त्यांनी अपील केलंय" म्हणजे काय?

काही नाही. अपील दाखल झाल्यानं निकाल थांबत नाही. वरच्या कोर्टानं स्थगिती दिली तरच थांबतो. गावात मात्र "अपील पडलंय" एवढं सांगून माणसं वर्षानुवर्षं ताबा सोडत नाहीत, आणि कधी कधी फेरफार सुद्धा त्याच कारणानं अडतो. असं कुणी म्हणालं तर स्थगितीच्या आदेशाची प्रत मागा. तुमच्या बाजूनं निकाल लागला असेल तर वरच्या कोर्टात कॅव्हेट टाकून ठेवा, म्हणजे तुम्हाला ऐकल्याशिवाय स्थगिती व्हायची नाही. कॅव्हेट ९० दिवस टिकतं, मग नवीन टाकावं लागतं.

दरखास्त

या शब्दाचा बाजारातला अर्थ विनंती, अर्ज. कोर्टात त्याचा अर्थ एकच: हुकूमनाम्याची अंमलबजावणी मागणं. निकालात ताबा द्यावा, रक्कम द्यावी असं असेल आणि समोरचा देत नसेल, तर कोर्ट आपणहून माणूस पाठवत नाही. तुम्हाला दरखास्त दाखल करावी लागते, तेव्हा बेलीफ जागेवर येतो. मुदत १२ वर्षं. कायमच्या मनाईला ही मुदतीची अट नाही. तो हुकूम मोडला, की मोडणाऱ्याची मालमत्ता जप्त करणं किंवा त्याला दिवाणी कैदेत टाकणं अशी मागणी दरखास्तीत करता येते. पण अमुक भिंत पाडा, रस्ता मोकळा करा असा करून द्यायचा हुकूम असेल तर त्याला तीनच वर्षं. या तीन वर्षांत फसलेले बघितलेत. बाराची मुदत डोक्यात बसलेली असते.

दरखास्त दाखल झाल्यापासून सहा महिन्यांत निकाली काढावी, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२१ साली राहुल शहा विरुद्ध जिनेंद्र कुमार गांधी या प्रकरणात सांगितलंय. प्रत्यक्षात किती लागतात ते विचारू नका, पण तारीख लांबायला लागली, की वकिलामार्फत त्या निकालाची आठवण करून देता येते.

वाटणीच्या दाव्यात आणखी एक वळण. 'वादीचा १/४ हिस्सा आहे' असा प्राथमिक हुकूमनामा झाला, म्हणजे वाटणी झाली असं नाही. शेतजमीन असेल तर कलम ५४ प्रमाणे कागद जिल्हाधिकाऱ्यांकडे जातात, तिथून तहसीलला, मग मोजणी, सरस-निरस म्हणजे चांगली-हलकी जमीन बघून तुकडे, आणि मग ताबा. कोर्टातून कागद गेले का, तहसीलला कुठल्या टेबलावर आहेत, हे विचारत फिरावं लागतं. निकालानंतरची ही वर्षं दाव्याच्या वर्षांपेक्षा जास्त थकवतात, असं माझं मत.

दुसऱ्याचा निकाल तुमच्या कामाला कसा येतो

वकील युक्तिवादात 'सायटेशन' देतात म्हणजे वरच्या कोर्टाचा जुना निकाल दाखवतात. सर्वोच्च न्यायालयानं सांगितलेला कायदा घटनेच्या अनुच्छेद १४१ प्रमाणे देशातल्या सगळ्या कोर्टांना बांधतो. मुंबई उच्च न्यायालयाचा, आणि अर्थात त्याच्या औरंगाबाद खंडपीठाचा, राज्यातल्या खालच्या कोर्टांना. १९५६ पर्यंत आपली माणसं हायकोर्टासाठी हैदराबादला जायची, नंतर मुंबईला. १९८१ मध्ये औरंगाबादला, आताच्या छत्रपती संभाजीनगरला, न्यायदान सुरू झालं तेव्हा कुठं ही वारी जवळ आली. अलीकडच्या निकालावर 'बीएचसी-एयूजी' असं दिसलं तर तो या खंडपीठाचा.

पण निकालातली प्रत्येक ओळ बांधत नाही. जो प्रश्न सोडवायला लागला, त्याचं उत्तर आणि त्याचं कारण बांधतं. बोलता बोलता केलेली टिप्पणी नाही. शिवाय मोठ्या पीठाचा निकाल लहान पीठाला मागं सारतो. मुलींच्या हिश्श्याचं बघा. हिंदू वारसा कायद्यातली दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ ची. त्या दिवशी बाप हयात असेल तरच मुलीला हिस्सा, असं सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी २०१५ साली फुलवती प्रकरणात म्हटलं होतं. ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा प्रकरणात तीन न्यायमूर्तींनी ते चूक ठरवलं: हक्क जन्मानं आहे, बाप तेव्हा हयात असण्याची गरज नाही. त्यानंतर आमच्याकडे बहिणींच्या वाटणीच्या दाव्यांत पहिलं सायटेशन तेच लागतं. मात्र २० डिसेंबर २००४ च्या आधी झालेली नोंदणीकृत वाटणी त्यानं उघडत नाही, आणि व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या मेसेजात नेमकं एवढंच गाळलेलं असतं.

मावेजाची, म्हणजे सरकारनं घेतलेल्या जमिनीच्या मोबदल्याची, गोष्ट तर याहून जवळची. पाझर तलाव, धरण, कालवा यासाठी एकाच अधिसूचनेनं वीस जणांच्या जमिनी गेल्या. दोघांनी १८९४ च्या जुन्या भूसंपादन कायद्याच्या कलम १८ खाली वाढीव मावेजा मागितला, अठरा जणांनी मिळाले तेवढे घेतले. कोर्टानं त्या दोघांना दर वाढवून दिला, तर बाकीचे अठरा सुद्धा कलम २८-अ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे तोच वाढीव दर मागू शकतात. मुदत त्या निवाड्यापासून तीन महिने, नकलेचा वेळ सोडून. म्हणून शेजाऱ्याचा 'एलएआर' (वाढीव मावेजाचं कोर्टातलं प्रकरण) निकाली निघाल्याचं कानावर आलं, की त्याच दिवशी नकलेचा अर्ज टाका. अशा निवाड्यात नुसता वाढलेला दर बघून थांबू नका. त्यावर ३० टक्के दिलासा रक्कम, वर्षाला १२ टक्क्यांची वाढ, आणि वाढीव रकमेवर ताब्यापासून पहिल्या वर्षी ९ व नंतर १५ टक्के व्याज, हे आदेशात आलंय का ते ओळीनं तपासा. २०१३ च्या नव्या कायद्यातही अशी सोय कलम ७३ मध्ये आहे.

फौजदारी निकाल असेल तर

वाचायची रीत तीच, शेवटून. 'निर्दोष मुक्त' का 'दोषी', कुठल्या कलमात काय, आणि शिक्षा 'एकत्रित' भोगायच्या का एकापाठोपाठ एक, एवढं आधी बघा. कच्च्या कैदेत काढलेले दिवस वजा मिळतात का तेही तिथंच असतं. कैदेची शिक्षा झालेल्याला निकालाची प्रत लगेच आणि फुकट मिळते. सत्र न्यायालयात अपिलाला ३० दिवस, उच्च न्यायालयात ६०. तीन वर्षांपर्यंतची शिक्षा असून आरोपी जामिनावर असेल, तर अपिलासाठी तेच कोर्ट शिक्षा थांबवून जामीन देऊ शकतं. तो अर्ज त्याच दिवशी, तिथल्या तिथं करायचा.

लोक अदालतीतल्या तडजोडीचा निवाडाही हुकूमनाम्यासारखाच, पण त्यावर अपील नाही. सही करायच्या आधी पूर्ण वाचून घ्या.

घरी बसून, आणि पैसे नसतील तर

प्रत्येक प्रकरणाला सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर नंबर असतो. ई-कोर्ट्सच्या मोबाईल अॅपमध्ये तो टाकला, की पुढची तारीख, झालेले आदेश, निकाल दिसतो. तो वाचायला चांगला, पण अपिलाला आणि तलाठ्याकडे द्यायला शिक्क्याची नक्कलच लागते.

वकील देणं झेपत नसेल तर कोर्टाच्या आवारातच विधी सेवा प्राधिकरण असतं, तालुक्याला समिती. महिला, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग, तुरुंगातली माणसं यांना उत्पन्न न बघता वकील मोफत मिळतो. बाकीच्यांना वर्षाचं उत्पन्न तीन लाखांच्या आत लागतं. १५१०० वर फोन केला तरी चालतो. जाताना निकालाची नक्कल, आधार कार्ड आणि निकालाची तारीख लिहिलेली चिठ्ठी न्या.

आणि ती नक्कल लॅमिनेट करू नका. चार वर्षांपूर्वी एकानं आजोबाच्या दाव्याचा हुकूमनामा दोन्ही बाजूंनी चिकटवून आणला होता, मागचा शिक्का अर्धा वितळून शाई पसरलेली. तारीख वाचता येईना, म्हणून नव्यानं नकलेचा अर्ज केला आणि जुनं दप्तर शोधून ती मिळेपर्यंत पावणेदोन महिने गेले. साधी प्लास्टिकची पिशवी, आत एक झेरॉक्स वेगळी, पुरे.